सतरा तारखेचा नंबर

दत्तोपंतांनी नोकरीच्या तेहतीस वर्षांत कुणाचंही काम त्याच दिवशी केलं नव्हतं. तसे ते वाईट कारकून नव्हते. काम लगेच झालं तर माणसाला त्याची किंमत राहत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. निवृत्त होऊन बेंबळीला आल्यावर पेन्शनीबरोबर तेवढं मतही चालू राहिलं.

म्हणून पत्नी चारुशीलाबाईंना दोन पायऱ्या चढून धाप लागू लागली, तेव्हा त्यांनी सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांकडं नंबर लावला. बारा दिवसांनंतरचा मिळाला, सतरा तारखेचा. दत्तोपंतांनी तो अख्ख्या गल्लीला सांगितला.

गल्लीच्या टोकाला शिवकन्या सिस्टरचा सरकारी दवाखाना होता. आलेल्याला त्याच दिवशी तपासायचं, हा तिथला नियम. एकदा जाता जाता सिस्टर दारात थबकली.

"काकू, पाय लई सुजलेत. आत्ता चला, आजच बघते."

"आमचा नंबर लागलाय, सोलापूरला," दत्तोपंत म्हणाले.

"तोवर इथं दाखवा की काका. गरज पडली तर गाडी बोलावून आजच पुढं धाडते."

"बघू."

तेहतीस वर्षांच्या सरावाचा शब्द होता तो. सिस्टर गेली.

"जाऊन येऊ का हो?" बाईंनी विचारलं. "चार घरं सोडून तर आहे."

"अगं, तिथं गेलं की लगेच बघतात!"

"मग बरंच की."

"रांग नाही, नंबर नाही. तो काय दवाखाना झाला?"

बाई हसल्या, आणि हसण्यानंही त्यांना धाप लागली. नवऱ्यानं एवढ्या खटपटीनं मिळवलेला नंबर, त्यांना त्याचं मन मोडवेना. सोलापूरला नेसायची निळी साडी त्यांनी घडी घालून उशाशी ठेवली.

चौदा तारखेला पहाटे त्या गेल्या. तीच साडी नेसवली.

सोळाला सोलापूरहून फोन आला. "उद्या साडेदहाला या. पेशंटचा नंबर पहिला आहे."

"बरं," दत्तोपंत म्हणाले. नंबर रद्द करा, हे काही त्यांच्या तोंडून निघेना.

सतराला साडेदहा वाजता ते सिस्टरच्या दवाखान्यात जाऊन बसले.

"काय होतंय काका?"

"काही नाही. बघा काय ते."

सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला, छातीला नळी लावली, पाय दाबून पाहिले. "झालं."

"किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं."

"हिलाही एवढाच लागला असता?"

सिस्टर खाली मान घालून पट्टा गुंडाळत राहिली.

दत्तोपंतांनी दाराकडं पाहिलं. "बाहेर कुणी थांबलंय का?"

"कुणीच न्हाय काका. बसा तुम्ही."