मंत्र्यांच्या मागची खुर्ची

तिनं चिठ्ठीची घडी घातली आणि पुढच्या खुर्चीतल्या ऊर्जामंत्र्यांच्या खांद्यावरून हळूच सरकवली. 'वीजकेंद्राबाबत निर्णय झालेला नाही.' चारच शब्द. खात्यातली अधिकारी म्हणून तिच्याकडे खरे असे तेवढेच होते.

समोर विरोधी बाकावरच्या सदस्यबाई उभ्याच होत्या.

"कोळसा खातं म्हणतं, जुनं वीजकेंद्र आणखी वीस वर्षं चालेल. पर्यावरण खातं म्हणतं, दोन वर्षांत टाळं. एका घरात दोन चुली! देशाला ऊर्जा धोरण आहे की नाही, एवढंच सांगा."

सभागृहात हशा पिकला. ती हसली नाही. त्याच केंद्रात तिचे बाबा बॉयलरवर होते. स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म आज पाचच्या आत द्यायचा होता. दिला तर पूर्ण पेन्शन; न देता केंद्र बंद पडलं, तर हात हलवत घरी. सकाळी फोनवर त्यांनी विचारलं होतं,

"देऊ का गं फॉर्म?"

"बाबा, खात्यातलं मला बोलता येत नाही."

"बरं बाई. टीव्हीवर बघतो मग. तू दिसशील ना?"

मंत्र्यांनी चिठ्ठी वाचली, मुठीत चुरगळली आणि ते उठले.

"धोरण एकच आहे, आणि आरशासारखं लख्ख आहे. केंद्र चालणार! कुणाचीही चूल विझणार नाही." मग अर्धवट मागे वळून म्हणाले, "काय मॅडम, बरोबर ना?"

कॅमेरा तिच्याकडे वळला. शेजारच्या सचिवांचं कोपर तिच्या बरगडीत रुतलं.

तिनं मान डोलावली. बाकं कडाडली.

चर्चा संपताच तिनं बाहेरच्या कप्प्यात जमा केलेला फोन घेतला आणि जिना गाठला. फोन वाजतच होता.

"बघितलं गं! वाळलीस जरा. मंत्र्याचं सोड, तो काय, उद्या सूर्य पश्चिमेला उगवेल म्हणेल. पण तू मान हलवलीस, तेव्हा जिवात जीव आला. फाडला फॉर्म."

घड्याळात चार वीस झाले होते. सचिव तिच्या मागोमाग येऊन दोन पायऱ्या वर थांबले होते. उगाच चष्मा पुसत.

"किती तुकडे केलेत, बाबा?"

"चार. का गं?"

तिनं कठडा घट्ट धरला. आवाज मात्र खाली आणला नाही.

"घरात डिंक आहे?"

पलीकडे टीव्हीवर तीच बाकं पुन्हा दाखवत होते, वाजत होती. मग तो बंद झाला. टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला.