रुपयाएवढी उघडी जागा

मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. मी एक जुना टेस्ट दिवा आहे. मोडीत निघालेल्या बसचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी, एकीच्या टोकाला चिमटा नि दुसरीच्या टोकाला दाभण, एवढाच काय तो माझा देह. शहराच्या कडेला पडेगावात, कन्नडच्या रस्त्यावर, मुख्तारभाई ट्रकच्या वायरिंगची कामं करतात. त्यांनीच मला घडवलं. वायरीत करंट असला की मी पेटायचो, नसला की गप्प. वीस वर्षांत एकदाही खोटं बोललो नाही. मुख्तारभाई गिऱ्हाइकाला सांगायचे, "हा माझा थोरला. याच्यापुढं माझंबी चालत नाय."

मग त्यांच्या लेकीनं, अनवरीनं, पहिल्या पगारात औरंगपुऱ्याच्या बाजारातून आकडे दाखवणारा मीटर आणला. बापाला केवढं कौतुक! मीटर मऊ फडक्यात गेला आणि मी खिळ्यांच्या डब्यात. राग आला का? लई आला. पण लेकीनं आणलेल्या वस्तूवर रुसायचं तरी कसं?

त्याच साली कन्नडचे पुंजाराम आपल्या ट्रकला लिलावात घेतलेला ट्रेलर जोडून आले. ट्रेलरच्या चाकांना विजेचे ब्रेक होते, पण ते चालवायची पेटी ट्रकमध्ये नव्हती. "मुख्तारभाऊ, माल भरून घाट उतरायचाय," ते म्हणाले. "मागून ट्रेलर ढकलायला लागला तर म्या काय करू?"

मुख्तारभाईंनी स्टिअरिंगखाली ब्रेकची पेटी बसवली, तिथून ट्रेलरच्या चाकांपर्यंत वायरी ओढल्या. करंट परत नेणारी अर्थिंगची वायर ट्रेलरच्या सांगाड्याला आवळण्याआधी तिथला रंग खरवडून रुपयाएवढी जागा लखलखीत केली. धातूला धातू भिडल्याशिवाय करंटची फेरी पुरी होत नाही, मित्रांनो.

खंडेनवमी जवळ आली होती. निघताना पुंजाराम म्हणाले, "आमच्या हत्यारांसंगं तुमचंबी एखादं पूजेला द्या. ब्रेक तुमच्या हातचा हाय." मीटर रोज कामाला लागायचा, म्हणून मुख्तारभाईंनी डब्यातून मला काढून दिलं.

कन्नडला काय थाट होता माझा! पाना आणि जॅकच्या मधोमध पाटावर बसलो. पुंजारामांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, मला हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पण तिथूनच मी ते पाहिलं. पुंजारामांनी अख्खा ट्रेलर लाल रंगवला होता. शेवटी अर्थिंगची वायर काढून त्या उघड्या जागेवरही रंगाचे दोन हात दिले आणि वाळल्यावर वायर पुन्हा घट्ट आवळली. "सणाला टक्कल बरं दिसत नाय," म्हणाले. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठंय?

दसऱ्यानंतर रिकामा ट्रेलर मुकाट शहरात आला, म्हणून कुणाला काही कळलं नाही. सळया भरून पुंजाराम दुकानापुढं थांबले. शेजारी शहरात खरेदीला आलेल्या द्वारकाबाई. लेकीच्या बाळंतपणाला घाट उतरून चाळीसगावला निघालेल्या, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. मुख्तारभाईंनी मीटर लावून पाहिला. आकडा पुरा आला.

"बेफिकीर जा," ते म्हणाले.

ट्रक सुरू झाला. मी द्वारकाबाईंच्या पिशवीत होतो आणि जीव नुसता कासावीस झाला होता.

"अवं, थांबा की!" द्वारकाबाई एकदम म्हणाल्या. "भाऊंचा दिवा द्यायचा राहिलाच!"

मुख्तारभाईंनी मला हातात घेतलं. काचेवरचं कुंकू पाहून हसले. "नवरदेव होऊन आलाय माझा थोरला! चल, एकदा तुझंबी ऐकू." पुंजारामांनी पेटीची दांडी दाबून धरली. मुख्तारभाईंनी दाभण ब्रेकच्या वायरीत टोचलं, चिमटा ट्रेलरच्या चाकाजवळच्या नटाला लावला.

मी पेटलो नाही.

"बल्ब उडाला असंल," पुंजाराम म्हणाले. "उशीर होतोय, भाऊ."

मुख्तारभाईंनी मला बॅटरीला लावलं. मी लख्ख पेटलो. पुन्हा ट्रेलरला लावलं, पुन्हा अंधार. त्यांचा चेहरा उतरला. "मीटरला थेंबभर करंट पुरतो. याला पेलाभर लागतो आणि ब्रेकला घागरभर. पुंजारामभाऊ, अर्थिंगखाली काय केलं तुम्ही?"

"सणाचा... रंग दिला."

"लई हौस तुम्हाला!" द्वारकाबाई कडाडल्या. "मला लेकीकडं नेताय का दरीत?"

मुख्तारभाईंनी वायर सोडली, चाकूनं रंग खरवडला, लोखंड चमकेपर्यंत घासलं आणि वायर आवळली. मी कुंकवासकट पेटलो! पुंजारामांनी ट्रक थोडा पुढं घेऊन नुसती पेटीची दांडी दाबली. सळयांनी भरलेला ट्रेलर जागच्या जागी अडला. द्वारकाबाईंनी डबा उघडून पहिला लाडू मुख्तारभाईंच्या हातावर ठेवला.

"जा म्हणून मीच बोललो होतो रे," ते मला हळूच म्हणाले. त्यांनी मला पुन्हा डब्यात टाकलं नाही. मीटरशेजारी खिळ्याला टांगलं. आता आम्ही दोघं मिळून तपासतो आणि आमचं बरं जमतं.

मित्रांनो, आपल्या वस्तू रंगवा, सजवा, त्यांची हौस करा. पण त्या कशाच्या जोरावर चालतात, ते आधी एखाद्या जाणत्याला विचारा. आणि जुनं माणूस किंवा जुना दिवा गप्प बसला, तर तो बिघडला असं लगेच ठरवू नका.

दर खंडेनवमीला मी कन्नडला जातो. ट्रेलरला नवा रंग चढतो. पुंजाराम ब्रश घेऊन अर्थिंगपाशी पोचले की द्वारकाबाई पूजेच्या पाटापाशी बसूनच हाक देतात, "तेवढं टक्कल राहू द्या. ट्रकात नातू पुढं बसणार हाय!"