रेडिएटरला गुंडाळलेली तार

"स्तामेनकाका, स्पीकर खराब आहेत म्हणता, मग शाळेकडून आलेली वायर काढली की घुमणं थांबतं कसं?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून झोर्नित्साने गाण्याच्या तालमीत, भर सभागृहात विचारलं.

शाळेतून अंगण ओलांडून आवाजाची वायर आली, तेव्हापासून सभागृहातले स्पीकर घूंऽऽ करत होते. स्तामेन मिस्त्रीने आधी स्पीकर बदलले, मग अर्थिंग म्हणून खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला तार गुंडाळली. गावातले सगळे जुने मिस्त्री तेच करतात. आणि याच महापंडिताने झोर्नित्साच्या बाबांना सांगितलं होतं, "पोरीला इलेक्ट्रिकलला घालू नकोस, भाषा शिकू दे."

"बाळ, तू गाणं म्हण," तो मिशीत हसला.

"गाणं ऐकू कुठे येतंय! दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं, त्या फरकामुळे वायरीभोवतीच्या तांब्याच्या जाळीतून करंट वाहतोय. जाळी या टोकाला सोडवा. आणि रेडिएटरचे पाइप गेल्या उन्हाळ्यात तुमच्यादेखत प्लास्टिकचे झालेत, त्यातून अर्थिंग कसलं होणार!"

स्तामेनने चिडून जाळी सोडवली. घुमणं बंद.

"हवेतला दमटपणा गेला असेल," तो पुटपुटला.

घरी झोर्नित्साने बूटही काढले नाहीत. "आई, बाबा, मी प्रवेशाच्या फॉर्मवर इलेक्ट्रिकलच लिहिणार. आणि स्तामेनकाकांना विचारू नका. त्यांना वायर कळत नाही, मी काय कळणार!"