दुसरी गोळी

चैत्राचं ऊन अजून तापायचं होतं, तेवढ्यात नीलम्मा लालमहंमदच्या दारात येऊन उभी राहिली. पाय अनवाणी आणि लुगडं गुडघ्यापर्यंत रक्तानं भिजलेलं. लालमहंमद सकाळची नमाज आटोपून चटई गुंडाळत होता. तिला लागलंय असं वाटून तो दचकला.

"माजं न्हाय, चाचा," ती म्हणाली. "बैलांचं हाय. कुणीतरी दोनी बैल तोडलेत."

लालमहंमदनं तेवीस वर्षं निजामाच्या रिसाल्यात सालोतरी म्हणून काढली होती. सालोतरी म्हणजे घोड्यांचा वैद्य. नोकरी संपल्यावर तो अणदूरपासून दीड कोसावरच्या या आपल्या गावी परत आला. गाय अडली, बैलाच्या खुरात खिळा गेला की लोक त्यालाच हाक मारायचे. ही गोष्ट सन त्रेचाळीसची. तेव्हा त्यानं साठी ओलांडली होती.

तो नीलम्माच्या मागोमाग मळ्यात गेला. गोठ्याच्या तोंडाशीच चांद्या पडला होता. मानेवर कुऱ्हाडीचे तीन घाव, आणि जीव कधीच गेलेला. दुसरा बैल, भिंगऱ्या, जिवंत होता. त्याच्या मागच्या दोन्ही पायांच्या शिरा तोडल्या होत्या आणि पोटाला वीतभर फाडलं होतं. आतडं बाहेर येऊन मातीत लोळत होतं. पुढच्या पायांवर जोर देऊन तो उठायचा, मागचं अंग ओढत गरकन फिरायचा आणि पुन्हा कोसळायचा. असं फिरून फिरून त्यानं मातीत रक्ताचं एक रिंगण काढलं होतं.

नीलम्माचा नवरा माणिकप्पा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. बैलाच्या कपाळाला त्यानं विभूती फासली होती.

"शिवा," तो म्हणाला. "टाके घाला. आनखी काय लागतंय सांगा, आनतो."

लालमहंमद खाली बसला. त्यानं आतडं बोटांनी हलकेच उचलून पाहिलं. ते दोन ठिकाणी कापलं गेलं होतं आणि पोटात शेण उतरलं होतं. मग त्यानं पाय चाचपले. आत पांढरं हाड दिसत होतं.

"माणिकप्पा, हे शिवून भागायचं न्हाय. ह्यो आज न्हायतर उद्या जानार. पन तवर असाच जळत ऱ्हाईल. ह्याला मोकळं करा."

"मोकळं म्हंजे?"

"मारायचा. एका झटक्यात, त्याला कळायच्या आत."

माणिकप्पा उठला. शेजारी पडलेला आसूड त्यानं उचलला आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर ओढला. एकदा, दोनदा.

"बसवण्णा हाय त्यो आमचा, म्हादेवाचा नंदी! तुज्या सुरीला रगत पायजे व्हय? मटन पायजे तुला?"

लालमहंमदचा गाल फाटला. त्यानं हात वर केला नाही. डोक्याच्या पटक्यानं गाल दाबला, बाभळीखाली गेला आणि तिथंच बसून राहिला. त्याला निघून जाता आलं असतं. पण मोडलेल्या पायाचं घोडं मैदानात टाकून निघून गेलेले सरदार त्यानं पाहिले होते, आणि त्या घोड्यांचे आवाजही ऐकले होते.

ऊन वर चढलं. गावातली माणसं येऊन लांब उभी राहिली. कुणी म्हणालं, खंडोबाचा भंडारा लावा. कुणी म्हणालं, गुळाचं पाणी पाजा. पुढं मात्र कुणी येईना. मग कावळे आले. माणिकप्पा ढेकळं मारून त्यांना उडवायचा, आणि ते दुसऱ्या बाजूनं येऊन बाहेर पडलेल्या आतड्याला चोच मारायचे. प्रत्येक चोचीला भिंगऱ्याचं सगळं अंग थरथरायचं. दुपारपर्यंत त्याचं हंबरणं थांबलं होतं. आता त्याच्या नाकातून नुसता बारीक आवाज येत होता, लहान पोरानं रडून रडून थकावं तसा.

नीलम्मा नवऱ्यासमोर येऊन बसली.

"मला आसडानं मारा पायजे तर," ती म्हणाली. "पन माज्यानं आता ह्ये बघवत न्हाय. माज्या हातानं भाकरी खाल्लीया त्यानं."

माणिकप्पानं भिंगऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला. मग बैलाकडं बघतच म्हणाला, "तुला करायचं ते कर. मला इचारू नगंस."

ती बाभळीखाली आली. "चाचा, चला. सुरी आनू का?"

"सुरी नको, बेटी. सुरीनं येळ लागतो. बंदूक पायजे."

गावात बंदूक एकच होती, हिंमतरावाची. आणि बैल कुणी तोडले हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. ओढ्याचं पाणी आपल्याकडं वळवायला हिंमतरावानं माणिकप्पाचा बांध फोडला होता. माणिकप्पा तुळजापूरच्या तहसिलीत गेला, आणि निकाल त्याच्या बाजूनं लागला. त्याला आज तिसरा दिवस.

हिंमतराव पडवीत बसला होता. त्याच्या मुलीला बघायला कळंबचे पाहुणे आले होते. पान-सुपारी चालली होती. लालमहंमद पायरीखाली उभा राहून वाकला.

"मालक, एक जनावर लई तडफडतंय. घटकाभर बंदूक द्यावी. दोन काडतुसं द्यावीत."

"कुनाचं जनावर?" हिंमतराव म्हणाला, जसं काही त्याला माहीतच नव्हतं.

नीलम्मा पुढं झाली. पाहुण्यांसमोर तिनं डोक्यावरचा पदरसुद्धा सावरला नाही.

"तुमीच तोडलाय त्यो. पन अर्धाच तोडलाय. उरलेलं काम पुरं करा."

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. हिंमतरावाचं तोंड काळवंडलं. मग तो मोठ्यानं हसला. "दुखात हाय बाई, काय बी बोलती. चला, मीच येतो. माजी बंदूक म्या दुसऱ्याच्या हातात देत न्हाय."

पाहुणेही मागोमाग निघाले. वाटेत लालमहंमद हिंमतरावाला सांगत होता, "डाव्या डोळ्यापास्नं उजव्या शिंगाच्या मुळापर्यंत एक रेघ धरायची. तशीच दुसरी उजव्या डोळ्यापास्नं डाव्या शिंगापर्यंत. दोनी जिथं एकमेकींना कापत्यात, तिथं गोळी. नळी एका वितीवर धरा, टेकवू नका. आन् आधी त्याला स्थिर होऊ द्या."

"मला शिकिवतोस? कैक काळवीटं मारलीत म्या."

मळ्यात पोचल्यावर हिंमतराव दहा पावलांवर उभा राहिला. माणिकप्पानं त्याला पाहिलं आणि मांडीवरचं डोकं खाली ठेवून तो सावकाश उठला. "ह्यो हितं कशाला?" एवढंच तो बोलला. सगळं गाव बघत होतं. हिंमतरावाला हे लवकर उरकायचं होतं. त्यानं बंदूक खांद्याला लावली. अनोळखी माणसाच्या वासानं भिंगऱ्यानं मान वर केली, आणि त्याच क्षणी बार उडाला.

गोळीनं जबडा उडवला. खालचं हाड चामडीला लोंबत राहिलं आणि जीभ रक्तात लडबडून बाहेर पडली. आणि त्या बैलानं, ज्याच्यात आता जोर उरला नाही असं सगळ्यांना वाटत होतं, पुढच्या पायांवर अंग उचललं आणि असा आवाज काढला की बायकांनी कान झाकले. दोघी तिघी तर पळत सुटल्या.

माणिकप्पानं हिंमतरावावर झेप घेतली. दोघं ढेकळांत कोसळले आणि बंदूक बाजूला उडाली. माणिकप्पानं त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला. लालमहंमदनं बंदूक उचलली. दुनळी होती ती. एक बार झाला होता, दुसऱ्या नळीत काडतूस होतं.

"चाचा, झाडा!" माणिकप्पा ओरडला. "ह्याच्या टाळक्यात झाडा! हितंच!"

हिंमतरावाचे डोळे बाहेर आले होते. तिकडून त्याचे चार गडी काठ्या घेऊन धावत येत होते. लालमहंमदच्या हातातली नळी हिंमतरावाकडं वळली होती. ती आपण वळवली की आपोआप वळली, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. गालातून रक्त गळत होतं, आणि त्या क्षणी त्याला त्या माणसाला मारायचं होतं, हे मात्र त्यानं पुढं कधी लपवलं नाही.

पण गोळी एकच होती, आणि मागं भिंगऱ्या ओरडत होता.

तो वळला. बैलाजवळ गुडघे टेकून बसला. डावा तळहात त्यानं भिंगऱ्याच्या डोळ्यावर ठेवला आणि रिसाल्यातल्या घोड्यांशी बोलायचा तसं हळू आवाजात बोलू लागला, "बस, बेटा. बस. हो गया." गड्यांची पावलं जवळ येत होती. तरी तो थांबला. बैलाचं डोकं खाली येऊन स्थिर होईपर्यंत थांबला. मग हात काढला, नळी वितीवर धरली आणि चाप ओढला.

भिंगऱ्या जागच्या जागी खचला. पाय एकदा ताणले गेले, मग सैल पडले. लालमहंमदनं बोटानं त्याच्या बुबुळाला स्पर्श केला. पापणी हलली नाही.

तेवढ्यात पहिली काठी त्याच्या उजव्या हातावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसरी पाठीत बसली. तो बैलाच्या अंगावर आडवा झाला. तिसरी काठी डोक्यावर यायची, पण ती आली नाही. माणिकप्पा हिंमतरावाला सोडून धावत आला होता आणि म्हाताऱ्याच्या अंगावर पालथा पडला होता. पुढच्या सगळ्या काठ्या त्याच्या पाठीवर पडल्या. तो ओरडलाही नाही. शेवटी नीलम्मा दगड घेऊन गड्यांच्या अंगावर धावली, आणि मग कुठं सकाळपासून नुसतं बघत उभं असलेलं गाव हललं. एवढी माणसं अंगावर आलेली पाहून गडी मागं सरले.

माणिकप्पानं दुसऱ्या दिवशी दोन्ही बैलांसाठी खड्डा खणला. पाठ सोललेली होती, तरी त्यानं कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. माती लोटायच्या वेळी मात्र त्यानं लालमहंमदला बोलावणं पाठवलं. झोळीत हात अडकवून म्हातारा आला, आणि डाव्या हातानं त्यानं मूठभर माती टाकली.

बंदूक हिसकावल्याची तक्रार हिंमतरावानं केली. ठाण्याचे अमीनसाहेब येऊन पंचनामा करून गेले. लालमहंमदला अकरा दिवस नळदुर्गच्या ठाण्यात बसावं लागलं. माणिकप्पानं जबानी दिली की बंदूक जमिनीवर पडली होती आणि म्हाताऱ्यानं तिनं बैलाशिवाय कुणालाच काही केलं नाही. कळंबच्या पाहुण्यांनीही तेच सांगितलं. त्यांनी ती सोयरीकही मोडली. बैल तोडल्याचा गुन्हा मात्र कुणावर लागला नाही. तो बघितल्याचं सांगायला कुणी पुढं आलं नाही.

हात वाकडाच जुळला. मूठ आवळता येईना, म्हणून लालमहंमदनं जनावरांचं काम सोडलं. माणिकप्पा त्याच्याशी फारसं बोलत नव्हता. वाटेत गाठ पडली तर थांबायचा, आणि काही तरी बोलायचं राहून गेल्यासारखा पुढं जायचा.

दुसऱ्या वर्षी पौषात एका दुपारी तो आपणहून दारात आला.

"सिद्रामप्पाची म्हैस हिरीत पडली," तो म्हणाला. "दोर लावून वर काढली, पन पाठ मोडलीया. सकाळधरनं वरडतीया. बंदूक अणदुरातनं आनलीया त्यानं. कुठं मारायची ते कुनालाच ठावं न्हाय."

"माज्या हाताचं तुला ठावं हाय, माणिकप्पा."

"ठावं हाय. तुमी जागा दावा. बंदूक सिद्रामप्पा चालवंल." तो पायातल्या वहाणेकडं बघत म्हणाला, "म्या म्हशीचं डोकं धरतो. म्या धरलं की ती हलायची न्हाय."

लालमहंमदनं पटका डोक्याला गुंडाळला. एका हातानं तो नीट बसेना, म्हणून माणिकप्पानं पुढं होऊन त्याचा शेव खोचला, आणि दोघं चालू लागले.