वरच्या भिंगावरची रेघ

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मुलं मला मायक्रोस्कोप म्हणतात, त्याला माझी ना नाही. विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलावर माझी जागा आहे. मित्रांनो, एक गोष्ट मी बरीच वर्षं पोटात ठेवली होती. आज ती सांगून टाकतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक वयस्कर कारागीर दिवसभर भिंगं घासत बसलेला असे. त्याने माझं भिंग उजेडाकडे धरून बराच वेळ निरखलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हे खोटं बोलायचं नाही." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं मिरवलो. इथे आलो तेव्हा विभागप्रमुख मला कुणाला हात लावू देत नसत. पाहुण्यांना आधी माझ्यापाशी आणत. पुढे विजेवर चालणारी नवी यंत्रं आली आणि मी पहिल्या वर्षाच्या वाट्याला आलो. वाईट वाटलं, पण काम सुटलं नव्हतं, एवढं समाधान होतं.

मग एक दिवस कुणीतरी फळा पुसायच्या फडक्याने माझं वरचं भिंग खसाखसा पुसलं. फडक्यात कसलासा खडा होता. भिंगावर ओरखडा उठला. पुसणारा घाबरला, इकडेतिकडे पाहून गुपचूप उठून गेला. तेव्हापासून माझ्यातून काहीही पाहा, त्यावर एक काळी तिरकी रेघ दिसते. मी खोटं बोलू लागलो होतो, मित्रांनो, आणि ते कबूल करायला मला तोंड नव्हतं.

नवल म्हणजे कुणी तक्रारच केली नाही. पहिल्या वर्षाची मुलं फार भितात. मॅडम विचारतात, "दिसलं का?" सगळी एका सुरात म्हणतात, "दिसलं." आणि पुस्तकातली आकृती जर्नलमध्ये उतरवून मोकळी होतात.

यंदा माझ्या टेबलावर एक मुलगी आली. तिची आई कपडे शिवायची. मुलगी घरापासून पहिल्यांदाच इतकी लांब आलेली. दोनशे जणांच्या वर्गात तिला नावाने ओळखणारं कुणी नव्हतं, हजेरीसुद्धा नंबरावर. मधल्या सुट्टीत बाकीची घोळक्याने बाहेर पडत, ही माझ्याशेजारी बिस्किटं खात बसे. कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारे मामा विचारत, "जेवलीस का गं?" ही मान डोलावत असे. आईचा फोन आला की आवाज चढवून सांगे, "अगं, मैत्रिणी तर इतक्या झाल्यात!" त्या वेळी खोलीत तिच्याजवळ मी एकटाच असायचो.

त्या आठवड्यात कांद्याच्या पापुद्र्याचं प्रॅक्टिकल होतं. तिने तासभर डोळा लावून जे दिसलं ते काढलं, रेघेसकट. मॅडमनी जर्नल उचलून वर्गाला दाखवलं. "ही रेघ कुठून आली? कांद्याला मिशी फुटली की काय?" वर्ग खो खो हसला. मॅडम दुष्ट नव्हत्या, घाईत होत्या. लाल पेनाने 'पुन्हा काढा' लिहून पुढे गेल्या. तिने पुन्हा काढलं, पुन्हा रेघ आली. तिसऱ्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "तुला साधं पाहताही येत नाही गं."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने माझ्यासमोर बसून अर्ज लिहिला. 'महोदय, घरगुती अडचणीमुळे माझा प्रवेश रद्द करावा, ही विनंती.' घरी काहीही अडचण नव्हती. जी होती ती माझ्या भिंगावर होती. मला त्या दिवसाइतकी स्वतःची लाज कधीच वाटली नाही.

अर्जाची घडी घालत होती तोच आईचा फोन आला. तिने तो टेबलावरच ठेवून स्पीकर लावला.

"आई, मला नाही जमत इथलं. मला पाहताही येत नाही म्हणतात."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा खरं बोलली होती. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज थांबला.

"माझे टाके सुटायला लागले की मी काय करते?" आईने विचारलं.

"सुई बघतेस."

"आधी सुई, मग दोरा. स्वतःला बोल लावायचा तो सगळ्यात शेवटी. तू तिथूनच सुरुवात केलीस होय?"

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. मग डोळा लावून तिने स्लाइड सरकवली. कांद्याच्या पेशी सरकल्या, रेघ जागची हलली नाही. स्लाइड काढली, तरी रेघ होतीच. वरचं भिंग फिरवलं आणि रेघ फिरली. तिने तोंडावर हात दाबून धरला.

मॅडम आल्यावर ती उभी राहिली. "मॅडम, स्लाइड काढून ठेवलीय. एकदा बघता?"

मॅडमनी पाहिलं, भिंग फिरवलं. डोळा बाजूला घ्यायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी गेल्या वर्षी माझ्यावर काम केलेल्या दोघांना बोलावून घेतलं.

"तुम्हाला ही रेघ दिसली नव्हती?"

"दिसली होती, मॅडम."

"मग?"

"पुस्तकात नव्हती ना."

मॅडमनी जर्नल मागवून लाल शेरा खोडला आणि खाली सही केली. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काल माझं चुकलं. हिला पाहता येतं."

माझ्या मापाचं भिंग आता कुठे मिळत नाही. मामा मला उचलून अडगळीच्या कपाटाकडे निघाले, तेव्हा तीच म्हणाली, "राहू द्या ना, मामा. चिठ्ठी लावू." हाताशी एकच कागद होता, घडी घातलेला. त्याच्या कोऱ्या बाजूवर तिने लिहिलं, 'वरच्या भिंगावर ओरखडा आहे. रेघ दिसेल. घाबरू नका.' आणि चिकटपट्टीने तो कागद माझ्या पायावर चिकटवला.

मित्रांनो, माझी काच मऊ कापडाने पुसा आणि ओरखडा पडलाच तर सांगून टाका. वर्गातलं नवं कुणी 'मला वेगळं दिसतंय' म्हणालं, तर हसण्याआधी त्याच्या जागेवर बसून एकदा डोळा लावा.

आता ती मधल्या सुट्टीत इथे नसते, घोळक्याबरोबर बाहेर पडते. पुढच्या वर्षी नवी मुलं येतील, चिठ्ठी वाचतील. कागदाच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते त्यांना दिसणार नाही. ती बाजू माझ्या पायाशी आहे, आणि मी ती कुणाला दाखवणार नाही.