ब्रेकचा दिवस

दिपमालाने स्कूटी गेटात घातली आणि रखवालदार तोताराम हात आडवा करून समोर आला. तिच्याकडे बघायचं टाळत म्हणाला,

"ताई, आज तुमले मझार सोडता येत नई. वरतून सांगेल शे."

"अहो भाऊ, मोहिनी मॅडमनीच बोलावलंय."

"मी काय करू? आज तुमना ब्रेक शे ना."

ब्रेक ही गिरणाई विद्यापीठाची जुनी युक्ती. कंत्राटी माणसाला अकरा महिने राबवायचं, मग एक दिवस घरी बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी नवीकोरी ऑर्डर हातात द्यायची. सलग नोकरी दिसली, तर माणूस 'कायम करा' म्हणून मागे लागेल ना! परीक्षा विभागात दिपमाला दरवर्षी अशी नव्याने लागत होती. या दिवसाची तिला चीड होती. पण निदान तो तिचा असायचा. आज नशिराबादला आई भरीत करून वाट बघत होती.

फोन वाजला. विभागप्रमुख मोहिनी मॅडम.

"अगं, पुढे कशाला गेलीस? मेसच्या मागच्या फाटकातून ये. लवकर."

ती गेली. न जाऊन सांगते कुणाला? उद्याची ऑर्डर मॅडमच्याच टेबलावरून निघणार होती. तिच्याच विभागातल्या किरणने कोर्टात दावा लावला होता, की ब्रेकच्या दिवशीही आम्हाला कामाला बोलावतात, म्हणजे ब्रेक खोटा. त्याला साक्षीला माणूस हवा होता. "माझी ऑर्डर अडली तर घर कसं चालवू?" म्हणून दिपमालाने त्याला परत पाठवलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

परीक्षा विभागाच्या चौकशी खिडकीचं शटर मॅडमनी खाली ओढलेलं होतं. दिपमाला दिसू नये म्हणून. बाहेर यावलहून आलेला एक बाप आणि त्याची मुलगी उभे होते. मुलीचा निकाल राखून ठेवला गेला होता आणि तिला उद्या पुण्याला नर्सच्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. एका पेपरचे गुण दुसऱ्याच केंद्राच्या नावावर चढले होते. हा घोळ दिपमालाने पूर्वीही निस्तरलेला होता. पंख्याखाली घाम पुसत तिने तो शोधला, दुरुस्त केला आणि गुणपत्रक छापून मॅडमकडे दिलं. मॅडमनी शटर वीतभर उचलून ते बाहेर सरकवलं.

"मॅडम, तुम्ही व्हत्या म्हनून पोरीचं काम झालं," बाप म्हणाला.

"असू द्या, असू द्या," मोहिनी मॅडम म्हणाल्या.

दिपमाला शटरच्या अलीकडे बसून ऐकत होती. तिला रडू नाही आलं, संताप आला. मुलीचा चेहराही तिला दिसला नव्हता. मॅडम तशा दुष्ट नव्हत्या. त्यांनी तिला स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी पुढे केली. तिने नको म्हटलं.

"रागावू नकोस गं. आणि जाताना मागूनच जा," मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या. "पुढच्या गेटवर कॅमेरा आहे. किरणच्या वकिलाने आजच्या दिवसाचं चित्रण कोर्टामार्फत मागितलंय. सकाळी तू बाहेरच होतीस, त्याचं काही नाही. आत आहेस हे दिसायला नको. स्कार्फ बांधून घे हं. उद्या ये, ऑर्डर तयार ठेवते."

दिपमालाने स्कार्फ बांधला, नुसते डोळे उघडे ठेवून. मेसच्या मागे जाऊन स्कूटी सुरू केली. फाटक उघडंच होतं. तिथे तिने ब्रेक दाबला. मग तिने स्कूटी वळवली आणि प्रशासकीय इमारतीसमोरच्या मोठ्या रस्त्याने सरळ पुढच्या गेटवर आली.

आतून येणारी स्कूटी बघून तोताराम दचकला. दिपमालाने पाय टेकले, मानेमागची गाठ सोडली आणि स्कार्फ काढून मांडीवर घेतला. ऊन थेट तोंडावर आलं.

"ताई, बांधी ल्या तो! वर कॅमेरा शे."

"माहीत आहे, भाऊ."

तिने मान वर केली. तोताराम घाईघाईने गेट उघडायला धावला.

"सावकाश उघडा," ती म्हणाली.