दोन ठोके आणि एक शेपूट

नळवाल्याचं निम्मं आयुष्य लोकांच्या न्हाणीघरांत गुडघे टेकण्यात गेलं होतं. आताही तो एका न्हाणीघरात गुडघे टेकूनच बसला होता. फरक एवढाच, की या घराला मालक उरला नव्हता.

रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नव्हती. जो टाकी, तो परत येत नसे. म्हणून दोन्हीकडचे सैनिक घरांच्या सामाईक भिंती फोडून एका घरातून दुसऱ्या घरात सरकत. भिंतीला भगदाड पाडायचं, आधी हात घालायचा, मग डोकं. पलीकडे कोण बसलंय, हे डोकं आत गेल्याशिवाय कळायचं नाही, आणि कधीकधी कळायला डोकंच उरायचं नाही.

"उंदीर आपल्यापेक्षा शहाणा," हवालदार कुजबुजला. "बिळात शिरताना त्याला ठाऊक असतं की मांजर बाहेर आहे."

हवालदार दाराच्या दगडी उंबऱ्यावर खोऱ्याची कड घासत होता. गोळ्या संपून गेल्या होत्या, त्यामुळे ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं हत्यार. हवालदाराचं खोरं. नळवाल्याचा हातभर लोखंडी पाइप, टोकाला जड एल्बो, म्हणजे वाकडा जोड, घट्ट बसवलेला. असे सोटे त्याने तुकडीतल्या सगळ्यांना करून दिले होते, आणि प्रत्येकाच्या आट्यांवर न चुकता सुताचा दोरा गुंडाळला होता.

"अरे, यातून काय पाणी गळणार आहे?" तेव्हा हवालदाराने विचारलं होतं.

"सवय, साहेब. दोरा नसला की झोप लागत नाही."

शिवाय त्यांच्याजवळ एक खोकली होती. शत्रूच्या मेलेल्या सैनिकाच्या हातातून काढून घेतलेली बंदूक. त्यांच्या स्वतःच्या बंदुका कडाडत. ही मात्र दमेकऱ्यासारखी खोकायची, म्हणून तिला हे नाव. तिच्यात चार-दोन गोळ्या होत्या. पण ती वापरण्यात एक मोठा धोका होता. वरून हुकूम होता, की भिंतीपलीकडे खोकली ऐकू आली की विचारत बसायचं नाही, पेटती बाटली आत टाकायची.

आणि आत्ताच, पलीकडच्या घरात, खोकली दोनदा खोकली होती.

हवालदाराने खोरं खाली ठेवलं. कोपऱ्यात तेलाने भरलेली, चिंधीचा बोळा खोचलेली बाटली होती, ती उचलली.

"थांबा ना साहेब," नळवाला म्हणाला. "पलीकडे मेव्हणा असेल."

त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून भिंती फोडत येणाऱ्या तुकडीत होता. त्यांच्याही गोळ्या संपल्या होत्या, त्यांनीही शत्रूच्या खोकल्या उचलल्या होत्या. दोन्ही तुकड्यांची गाठ याच घरांत कुठेतरी पडायची होती. निघताना बायकोने नळवाल्याला स्वतःची काळजी घ्यायला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली होती, "दादा वेंधळा आहे. त्याला आणल्याशिवाय दारात उभे राहू नका." बाई तोंडाची फटकळ होती, आणि बोललेलं विसरणारी नव्हती.

"असेल आणि नसेल," हवालदार म्हणाला. "हाक मारतोस? हाक मारलीस आणि तिकडे दुसरेच निघाले, तर तुझ्या आवाजावर नेम धरतील."

समोरच्या भिंतीतून एक जुना पाइप आडवा गेला होता, या घरातून थेट पलीकडच्या घरात. तिकडे तो कुठेतरी फुटला असावा. भिंतीमागे पाणी चिळकांडी उडवत पडत होतं, ते मघापासून ऐकू येत होतं.

त्या पाइपकडे पाहताना त्याला एकदम सुचलं. तो आणि मेव्हणा पंधरा वर्षं जोडीने काम करत होते. एक वरच्या मजल्यावर, एक खाली. ओरडून गिऱ्हाइकाचं डोकं उठवायचं नाही, पाइपावर पान्याने ठोकायचं. एक ठोका म्हणजे पाणी चालू कर, दोन ठोके म्हणजे बंद कर. समोरच्याने तेवढेच ठोके उलट द्यायचे, म्हणजे ऐकलं असं समजायचं. मेव्हणा मात्र उत्तर देऊन झाल्यावर थोडं थांबून आणखी एक ठोका द्यायचा, उगीचच. त्याला तो शेपूट म्हणायचा. "शेपटाशिवाय माकड ओळखू कसं येणार, जावईबापू?"

"साहेब, एकदा वाजवून बघतो. तो असला तर उत्तर देईल."

हवालदाराने बाटली हातातच ठेवली. "वाजव. पण लवकर."

नळवाल्याने सोट्याच्या टोकाने पाइपावर दोन ठोके दिले. टक. टक.

भिंतीमागे हालचाल थांबली. मग पाइप थरथरला. टक. टक.

आणि चिळकांडीचा आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, बंद पडला.

नळवाल्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बघा! कॉक बंद केला! साहेब, हे दुसऱ्या कोणाला जमणार? आमचाच गडी तो!"

शेपूट आलं नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बुडत्याला काडी मिळाली की तो काडी कोणत्या झाडाची हे विचारत नाही.

हवालदाराने बाटली खाली ठेवली. दोघांनी मिळून भिंतीच्या सैल झालेल्या विटा काढल्या. खोकली पुढे धरून नळवाला भगदाडात शिरला. "मेव्हणेबुवा," तो हळूच म्हणाला, "मी आहे हो."

पलीकडेही न्हाणीघरच होतं. फरशीवर घोटाभर पाणी. भिंतीशी एक माणूस उकिडवा बसला होता, एक हात कॉकवर, दुसऱ्या हातात पाना. बाजूला, हात पुरणार नाही इतक्या लांब, त्याची बंदूक भिंतीला टेकवलेली. त्याच्या अंगावर शत्रूचा गणवेश होता.

त्या माणसाने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, आपल्याच जोडीदाराला काही बोलायच्या बेतात असल्यासारखं. ते हसू नळवाल्यासाठी नव्हतं. ते विझताना नळवाल्याने जवळून पाहिलं.

दोघांपैकी कोणीही लगेच हललं नाही. नळवाल्याला त्याची नखं दिसली, काळी, वंगण मुरलेली. आपल्यासारखीच.

मग नळवाल्याचं बोट आपसूक आवळलं गेलं. खोकली एकदा खोकली, समोरच्या फरशीचे तुकडे उडाले, आणि ती अडकली. त्या माणसाने उडी घेतली. पाना नळवाल्याच्या डाव्या खांद्यावर बसला, आणि तो हात दोरी तुटल्यासारखा खाली लोंबकळला. भगदाडातून हवालदार "सरक! सरक!" म्हणत होता, पण सरकायला जागा नव्हती, खोरं फिरवायलाही नव्हती. दोघे घसरून पाण्यात पडले. एकमेकांचा श्वास एकमेकांच्या तोंडावर येत होता. माणूस त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता, तेच तेच, बहुधा एखादं नाव. उजव्या हाताने नळवाल्याने कमरेला खोचलेला सोटा उपसला आणि मारला. मग पुन्हा मारला. मग हवालदाराने त्याचं मनगट धरलं, तेव्हा तो थांबला.

"झालं," हवालदार म्हणाला. "झालं, बाबा. पुरे."

नळवाला भिंतीला टेकला.

तेवढ्यात समोरच्या, पुढच्या घराच्या भिंतीतून माती गळाली. एक वीट आत ढकलली गेली. पलीकडे कोणीतरी होतं.

हवालदाराने त्या विटेकडे बोट केलं. "खोकलीचा आवाज ऐकलाय त्यांनी."

नळवाल्याला सांगायला नको होतं. ते आपले असतील, तर त्यांना इथे शत्रू आहे असंच वाटणार, आणि त्या भोकातून पेटती बाटली येणार. ते शत्रू असतील, तर त्यांचा माणूस फरशीवर पडलेला त्यांना दिसणार.

"वाजव," हवालदार म्हणाला.

"नको. मघाशी वाजवलं त्याचं काय झालं, बघितलंत ना."

"वाजव रे! नाहीतर जळून मरू!"

नळवाल्याने पाइप शोधला; तोच पुढे त्या भिंतीतूनही पलीकडे गेला होता. सोटा हातातून सुटत होता, ओला होता. त्याने ठोके दिले. टक. टक.

विटेच्या भोकात काही हललं. मग उत्तर आलं. टक. टक.

पुढे काही नाही.

नळवाला वाट पाहत राहिला. हवालदारही. भोकातून जळक्या चिंधीचा वास येऊ लागला. नळवाल्याने डोळे मिटले, आणि त्याच्या डोळ्यांपुढे बायको उभी राहिली, दारात, कंबरेवर हात ठेवून.

टक.

"शेपूट," तो पुटपुटला. दुसऱ्यांदा तो ओरडला, "शेपूट! मेव्हणेबुवा!"

भराभर विटा निघाल्या. भोकातून एक धुळीने माखलेलं, गोल तोंड आत आलं.

"काय हे, जावईबापू! मघाशी तुमचीच खोकली खोकली होय?" मेव्हणा हसायचा प्रयत्न करत होता, पण त्याचा आवाज चिरकत होता. "शेपटाला उशीर झाला. बाटली पेटवलेली होती हातात, आधी विझवायला नको का?"

तो सरपटत आत आला आणि नळवाल्याला धरून बसला. नळवाल्याने त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. मेव्हण्याने पाण्यात पडलेल्या माणसाकडे, त्याच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा आपल्यातलाच वाटतोय. म्हणजे, कामातला. इथे काय करत होता?"

"पाणी बंद करत होता," नळवाला म्हणाला.

मेव्हणा काही बोलणार होता, पण तेवढ्यात पाइप थरथरला. खालून, तळघराकडून, दोन ठोके आले. टक. टक.

नळवाल्याने मेव्हण्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात रिकामे होते.

"हे मी नाही," मेव्हणा कुजबुजला.

थोड्या वेळाने पुन्हा दोन ठोके आले, आधीपेक्षा जोरात. खालचा माणूस आपल्या जोडीदाराच्या उत्तराची वाट पाहत होता. हवालदाराने आवाज न करता खोरं उचललं. नळवाल्याने पाइपाला हात लावला नाही.